गणपुले मास्तर आणि हालंडमाय

गणपुले मास्तर आमच्याकडे खोली बघायला आले आणि त्यांनी खोली बघितलीच नाही. तरातरा आत गेले, खिडकीपुढे उभे राहिले, एक डोळा मिटला, पाऊस पडतो का हे बघावं तसा हात बाहेर काढून पालथा-उलथा केला आणि वळून माझ्या सासूबाईंना विचारलं, "ही खिडकी उत्तरेला आहे ना?"

सासूबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही. "उत्तरेलेच आहे जी. पन खोलीत तुमी राहान का खिडकी राहीन?"

"उजेड राहील," मास्तर म्हणाले. "मी आपला कोपऱ्यात कुठेतरी पडून राहीन."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नुकतीच केशोरीहून सून होऊन आलेली. दाराआडून मला एवढंच कळलं, की हा माणूस उजेडाला भाडेकरू ठेवतो आहे. तेवढ्यावर मी तीन दिवस हसत होते.

तेव्हा आमचं फुलचूर गाव गोंदियाच्या बाहेर होतं. मध्ये धानाची बांधी, पलीकडे गिरण्यांची धुराडी. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मास्तर वाईचे, मुंबईला चित्रकला शिकलेले, आणि गोंदियाच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायला आलेले. एकटे होते. अंगात कोट, कोटाच्या बाहीला कायम रंग. सासूबाईंना गाव सगुणामाय म्हणे. पहिले चार दिवस मास्तर त्यांना 'बाई' म्हणाले, पाचव्या दिवसापासून तेही 'माय' म्हणायला लागले.

त्यांना एक खोड होती. कुणाच्याही घरात गेले की माणसांना नमस्कार करायच्या आधी भांड्यांपुढे बसायचे. एकदा मी तांब्या घासायला घेतला तर धावत आले. "थांबा वहिनी! घासू नका. त्याच्या पोटावर हिरवट डाग पडलाय ना, तो किती सुरेख आहे!" आता तुम्हीच सांगा, नव्या सुनेच्या तांब्यावरचा डाग सुरेख आहे असं परका पुरुष मोठ्याने ओरडून सांगतो आणि शेजारी सासू बसलेली! मी चिंच हातात घेऊन तशीच उभी. सासूबाई म्हणाल्या, "घास वं तू. याले डाग पाह्यजे असंन तर मी कढई देतो."

मास्तरांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. "माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा." पोरांना ते दिवसातून शंभरदा सांगत. केळं पिवळं असतं हे माहीत आहे, पण आत्ता ते तुला पिवळं दिसतंय का? सावलीत ते करडं आहे, मग करडं काढ. दुसरं वाक्य असं, "जगात दोन प्रकारची माणसं. केळं दिसलं की खाणारी, आणि केळं दिसलं की बघणारी." हे सांगताना ते आमच्याकडे अशा नजरेने बघत की आमची जात लगेच कळे.

संध्याकाळी ओट्यावर त्यांची बैठक बसे. समोर सासूबाई, शेजारच्या जानकाबाई, आमचे हे, आणि दाराआड मी. मास्तरांकडे छापील रंगीत चित्रांची एक चवड होती. ती ते पत्ते पिसावे तशी पिसून एकेक पान टाकत. हे हॉलंड. हा चीन, इथे रंगच नाही, नुसत्या शाईने फुललेली डहाळी. ही आपल्या बादशहांच्या पुस्तकाची किनार, यात एकेक फूल एकटं उभं, कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखं. हे अजिंठ्याचं छत, वर कमळं आणि फळं. हा फ्रान्समधला एक म्हातारा, सफरचंदं काढायला इतका वेळ लावायचा की ती सडून जायची.

"सडू कायले देल्ली? खाऊन घ्याची होती," जानकाबाई म्हणाल्या.

"बघा! खाणारी जात!" मास्तरांनी कपाळाला हात लावला.

सगळ्यांत लाडकं हॉलंड. त्या चित्रांत एका फुलदाणीत ढीगभर फुलं, एका पाकळीवर माशी, खाली गोगलगाय, आणि कधी कधी शेजारी माणसाची कवटी.

"हे कवटी कायले?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळं नाशवंत आहे, हे सांगायला."

"जेवनाच्या मेजावर? त्याइची बायको काई बोले नाई का?"

मास्तर तिथून घाईने फुलांकडे वळले. "हे बघा माय, हे फूल वसंतातलं, हे उन्हाळ्यातलं, हे थंडीच्या तोंडावरचं. सगळी एकाच फुलदाणीत! चित्रकार वर्षभर एकेक फूल बघून काढत जायचा."

"म्हंजे हे फुलं कवाच एका जागी नोते?"

"नव्हती."

"नवेगावच्या तलावातलं कमळ आन फागुनातला पळस एका लोट्यात, तसं?"

"अगदी तसं!"

"मंग दिसते थे काढा, दिसते थे काढा, असं पोराइले कायले सांगून राहिले? याले तर दिसलंच नाई."

मास्तरांनी चित्र पुन्हा उजेडाकडे धरलं. "एकेक दिसलं होतं," ते शेवटी म्हणाले. "सगळं मिळून दिसलं नव्हतं."

"असंन," सासूबाई म्हणाल्या. म्हैस विकायला आलेल्या माणसाला त्या ज्या सुरात 'असंन' म्हणत, त्याच सुरात.

पण एक गोष्ट सांगताना मास्तरांचा आवाज बदले. विलायतेत म्हणे चित्रांचीही उतरंड होती. वर देव आणि लढाया, मग राजेरजवाडे, आणि तळाला तांब्या-केळी-फुलं. तळाचं चित्र काढणाऱ्याला पंगतीतही तळाला बसवत. "देवाचं चित्र कुणीही बघेल हो," मास्तर म्हणत. "हात जोडायची सवयच असते. साध्या तांब्यापुढे माणसाला उभं करून दाखवा, ती खरी करामत." आम्हाला त्यातलं अर्धं कळे आणि अर्धं कळल्यासारखं वाटे.

त्या वर्षी फाल्गुनात मास्तरांवर संकट आलं. शाळेचे सेक्रेटरी एक शेठजी होते, भाताच्या गिरणीचे मालक. ते एक दिवस म्हणाले, "मास्तरजी, लडके लोटा बनाना सीखते हैं, इससे क्या होगा? अंग्रेजी घोकेंगे तो बाबू बनेंगे." बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं. मास्तरांनी चित्र काढायचं, ते नागपूरच्या प्रदर्शनात लावून घ्यायचं. लागलं तर ड्रॉइंगचा वर्ग राहील आणि मास्तरही राहतील. नाही लागलं तर त्या तासाला इंग्रजी. आणि नागपूरला पाठवण्याआधी शेठजी ते चित्र बघणार.

"देवीचं काढा," आमचे हे मास्तरांना म्हणाले. "शेठजी देवभक्त आहेत. काम झालं समजा."

"मी तांब्या काढणार," मास्तर म्हणाले.

आणि त्यांनी ओसरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात मांडणी मांडली. ती मांडायला एक अख्खा रविवार गेला. आधी पाट. पाटावर माझं पांढरं धुवट लुगडं, त्याला मुद्दाम चुण्या. त्यावर तो डागाळलेला तांब्या. तांब्याच्या लालीला हिरवं हवं म्हणून तोंडात आंब्याचा टहाळा. शेजारी नारळ, केळ्यांची फणी, कोहळ्याची फोड, आणि पुढे पळसाची फुलं सांडल्यासारखी. मास्तर मागे सरकत, पुढे येत, नारळ बोटभर उजवीकडे करत, पुन्हा मागे जात. शेवटी म्हणाले, "आता कुणी हात लावायचा नाही. वस्तू हलली की चित्र मेलं."

थोडं थांबा आणि ती मांडणी डोळ्यांपुढे आणा. पाट, धुतलेलं वस्त्र, तांब्या, तांब्यात आंब्याची पानं, नारळ, फळं, फुलं. तुम्हाला काय दिसलं? आम्हाला सगळ्यांना तेच दिसलं. फक्त वाईच्या त्या ब्राह्मणाला दिसलं नाही. माहीत असलेलं बघायचं नाही, हे त्यांनी डोळ्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं की समोर स्वतःच्या हाताने मांडलेला कलश त्यांना ओळखू येईना. त्यांना लाल गोल, हिरवी टोकं आणि त्यांच्या सावल्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेले आणि जानकाबाई ताक मागायला आल्या. मांडणी बघून दारातच वहाणा काढल्या. "माय वं! मास्तर एवढा बामन, आन कलश मांडाची अक्कल नाई. नारळ बाजूले ठेवते का कोनी?" असं म्हणून त्यांनी नारळ उचलून पानांवर नीट बसवला, आमच्याच देवघरातून करंडा आणून तांब्याला हळदकुंकवाची बोटं लावली आणि नमस्कार केला. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि ती अडणार असं सुईण म्हणत होती. त्यामुळे जानकाबाई त्या दिवसांत दिसेल त्याला नमस्कार करत होत्या. जाताना पाटाला म्हणाल्या, "पोरगी सुखरूप मोकळी होऊ दे, याच नारळानं तुझी ओटी भरतो."

संध्याकाळी मास्तर आले. ते ओसरीत पाऊल टाकून थिजलेच. "वस्तू हलली!"

"हलली नाई, बसली," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर नारळ काढायला पुढे झाले तर सासूबाई आडव्या आल्या. हळदकुंकू लागलं म्हणजे स्थापना झाली. आता विसर्जनाशिवाय हलवता येणार नाही. मास्तर म्हणाले, "अहो माय, पण हा देव नाही!" सासूबाई म्हणाल्या, "काल नोता जी. आता झाला. कुकू कोनाले लावतेत?" मास्तर मागे सरले, त्यांनी एक डोळा मिटला. मग नाइलाजाने म्हणाले, "नारळ वर गेल्यावर मांडणी सुधारली मात्र." सासूबाईंनी याचा अर्थ मास्तर शुद्धीवर आले असा घेतला.

पुढे जे झालं त्याला काय म्हणावं, मला अजून समजलेलं नाही. गावातल्या बाया येऊ लागल्या. मास्तर शाळेतून येत तेव्हा रोज काही तरी नवं असे. आज अक्षता, उद्या झेंडूची माळ, परवा उदबत्ती. दिसतं ते काढायचं, हा तर त्यांचाच नियम. मग ते मुकाट्याने कुंकू काढत, अक्षता काढत, माळ काढत. एकदा माळेतली फुलं वाळली म्हणून जानकाबाईंनी नवी घातली, तर मास्तर कळवळून म्हणाले, "बाई, कालची वाळकी मी निम्मी काढली होती हो!" जानकाबाई म्हणाल्या, "मंग निम्मी वाळकी राहू द्या. आमच्या हातापायाचंही तसंच होऊन राहिलं."

आणि देव कोणता? हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकजण म्हणे अन्नपूर्णा, एकजण म्हणे मास्तरांची वाईकडची कुलदेवी. मास्तरांना विचारलं तर ते हॉलंडपासून सुरुवात करत. शेवटी बायांनी आपसात ठरवून टाकलं की मास्तर सारखं ज्या मुलखाचं नाव घेतात तिथली ही देवी. तिचं नाव पडलं हालंडमाय. तेव्हा फुलचुरात एक बाई दुसरीला सहज विचारी, "काऊन वं, आज हालंडमायले नाई गेली?"

चित्र मात्र होत गेलं, आणि काय होत गेलं! मी चोरून बघे. तांब्याच्या पोटावर ओसरीच्या उघड्या बाजूचा चौकोन चमकत होता आणि त्या चौकोनात मास्तरांचं इवलंसं डोकं होतं. फक्त नारळ राहिला होता, नुसत्या पेन्सिलच्या रेघेत. शेवटी नारळ करायचा, शेंडीला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, असं मास्तर म्हणाले.

ज्या दिवशी ते शेंडी काढणार होते, त्याच दिवशी दुपारी जानकाबाईंची सून मोकळी झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. जानकाबाई रडत-हसत धावत आल्या, त्यांनी ओटी भरली, आरती झाली, सासूबाईंनी पाट हलवून रीतसर विसर्जन केलं, आणि नारळ फुटला. मास्तर शाळेतून आले तेव्हा ओसरी बायांनी भरलेली. कोपरा रिकामा. जानकाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि केळं ठेवलं. "मास्तर, तुमच्या मायनं माही पोरगी वाचवली."

मास्तरांनी हातातल्या खोबऱ्याकडे बघितलं. मग बायांकडे, मग रिकाम्या कोपऱ्याकडे. आता हा माणूस ओरडेल, असं मला वाटलं. पण जानकाबाईंचे डोळे अजून वाहत होते. मास्तरांनी खोबरं तोंडात टाकलं आणि चावत उभे राहिले. आपल्याच चित्रातला विषय असा उभ्या उभ्या खाल्लेला चित्रकार हॉलंडातही झाला नसेल.

"मी दुसरा नारळ देतो," सासूबाई जरा नरमून म्हणाल्या. "नारळ नारळासारखाच रायते."

"नाही माय," मास्तर म्हणाले. "तो आता दिसत नाही. दिसत नाही ते कसं काढू?" आणि पेन्सिलची रेघ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी चित्र बघायला आले. आम्ही ते खिडकीशी उभं करून ठेवलं होतं. बाया दारात. शेठजींनी खोलीत पाय टाकला, चित्र बघितलं, पाय मागे घेतला, जोडे काढले आणि मग आत आले. दोन्ही हात जोडले. "मास्तरजी," त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता, "हम तो समझे लोटा बनाओगे. ये तो दर्शन हो गया. नागपूर-वागपूर छोडिए. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये लावू. वर्ग बी राहील. ड्रॉइंग मास्तर को कौन निकालेगा? बस इतना बताइए, कौन सी माता हैं?"

आता सगळं मास्तरांवर होतं. एक शब्द बोलायचा होता. अन्नपूर्णा म्हटलं असतं तरी चाललं असतं. सासूबाई डोळ्यांनी खुणा करत होत्या. आमचे हे घसा खाकरून खाकरून बेजार झाले. मास्तर चित्राकडे बघत होते. शेठजींचे अनवाणी पाय त्यांनी बघितले असावेत, कारण त्यांचा चेहरा आधी खुलला, मग एकदम पडला. माणूस चित्रापुढे उभा राहिला होता खरा. पण कशापुढे?

"शेठजी, हा तांब्या आहे," मास्तर म्हणाले.

"और?"

"नारळाची जागा आहे. केळी आहेत. उत्तरेचा उजेड आहे."

"सिर्फ लोटा?" शेठजींचे जोडलेले हात तसेच होते. ते सोडायचे की ठेवायचे हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते खिशात घातले. "फिर भेजिए नागपूर," एवढं म्हणून ते निघाले. जोडे घालताना त्यांचा तोल गेला, तरी त्यांनी मास्तरांचा हात धरला नाही.

सासूबाई त्या दिवशी मास्तरांशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मास्तर मला म्हणाले, "वहिनी, मी खरं बोललो ना?"

"तुम्हालाच माहीत," मी म्हटलं.

"तेच तर. परवा मी कुंकू काढत होतो तेव्हा बूट काढून बसलो होतो. का काढले, मला ठाऊक नाही." ते माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघत होते की जणू उत्तर माझ्या पदराला बांधलेलं आहे.

चित्र नागपूरला आमचे हे घेऊन गेले आणि दोन दिवसांनी तसंच काखेत घेऊन परत आले. ओसरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. "तिथला परीक्षक म्हणाला, काम फार उत्तम आहे. पण हा वस्तुचित्रांचा विभाग आहे. इथे भांडी, फळं, फुलं चालतात. ही तर पूजा आहे. धार्मिक विषयाचा विभाग वेगळा, आणि त्याची मुदत संपली."

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचे खांदे हलू लागले, आणि मला वाटलं रडतात की काय, तर ते हसत होते. हसता हसता खाली बसले. "गोंदियात तांब्या म्हणून मेलो," ते म्हणाले, "आणि नागपुरात देव म्हणून!" सासूबाईंचा अबोला तिथेच मोडला. त्याही हसल्या, आणि लगेच पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आता खासान का काई? का निस्ता उजेड पाहून पोट भरते तुमचं?"

शाळेत त्या तासाला इंग्रजी आलं. मास्तर उन्हाळ्यात गाव सोडून गेले. चित्र त्यांनी सासूबाईंना दिलं आणि म्हणाले, "कुठे लावायचं ते तुम्ही ठरवा, मला ठरवता येत नाही." सासूबाईंनाही आलं नाही. देवघरात लावावं तर नारळ अर्धा, असा देव चालत नाही. बैठकीत लावावं तर खाली बसून कुणी विडी ओढणार. ते देवघर आणि बैठक यांच्यामधल्या बोळात लागलं. तिथे अंधारच असतो.

युद्ध संपता संपता आमच्या ह्यांना मास्तर नागपूरच्या बाजारात भेटले. कॅलेंडरं छापणाऱ्या एकाकडे ते चित्रं काढत होते. लक्ष्मी, सरस्वती, अन्नपूर्णा, वर्षाला एकेक. ह्यांना राहवलं नाही. "का जी मास्तर, शेवटी देवच?"

"देव मी माहितीतून काढतो," मास्तर म्हणाले. "पण तिच्या पायाशी भांडं असतं ना, ते बघून काढतो. ते मला अजून दिसतं." आणि त्यांनी ह्यांच्या हातात येत्या वर्षीचं एक कॅलेंडर ठेवलं.

पुढच्या वर्षी तिकडून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं की मास्तर थोड्या आजाराने गेले. तेव्हा वर्ष सरत आलं होतं आणि भिंतीवर तेच कॅलेंडर होतं. आमच्याकडे जुन्या कॅलेंडरवरचा देव फेकत नाहीत. तारखा फाडून टाकतात आणि देव कापून ठेवतात. मी कात्री घेऊन बसले. वर अन्नपूर्णा, गोरीपान, सगळ्या कॅलेंडरांत असते तशी. तिच्या पायाशी एक तांब्याची घागर, तिला एक पोचा, आणि पोच्यात अडकलेला थोडासा उजेड.

सासूबाई खाटेवर होत्या. त्यांना तेव्हा नीटसं दिसतही नव्हतं. "कापून राहिली का वं?" त्यांनी विचारलं. "देव कापू नको, बरं."

"हो माय," मी म्हटलं. "पण यात देव कोणता, ते मला ठरवू द्या."